प्रमाण नमुना क्रमांक एक

काकांनी फडक्यात गुंडाळलेलं चीज काउंटरवर ठेवलं आणि खिशातलं पत्र काढून, त्याच्या घड्या तळहातानं मोडून, शेजारी पसरलं. पत्र काउंटरमागे बसलेल्या तिच्याच सहीचं होतं. ‘नमुना प्रमाणाशी जुळत नाही. शुद्धतेचा शिक्का नाकारण्यात येत आहे.’

“गेल्या वर्षीही हेच आलं होतं,” काका म्हणाले. “काय जुळत नाही, तेवढं समजावून सांगा.”

शेळीच्या दुधाचं म्हणून विकलं जाणारं चीज खरंच शेळीच्या दुधाचं आहे का, हे ती चौदा वर्षं तपासत होती. प्रयोगशाळेत तिला पाठीमागे ‘लिटमसबाई’ म्हणत. हे तिच्या कानावर आलं होतं आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडलंही होतं.

“शेळीच्या दुधाच्या चरबीत काही आम्लं असतात,” ती म्हणाली. “तो खास वास त्यांचाच. आमच्याकडे एक अस्सल नमुना जपलेला आहे, त्याच्याशी आम्ही प्रत्येक नमुना ताडून पाहतो. तुमच्या चीजमध्ये ती आम्लं फारच जास्त निघतात. गाईचं दूध लपवायला बाहेरून काही घातल्याशिवाय एवढा फरक पडत नाही.”

“म्हणजे माझ्या शेळ्या जरा जास्तच शेळ्या निघाल्या म्हणायच्या.”

तिला हसू आलं. काकांना आलं नाही.

“मॅडम, गाय माझ्या दारात कधी उभी राहिलेली नाही. बाहेरून घालायचं म्हणजे मीठ घालतो, दुसरं काही नाही. बाजारात लोक आता तोंडावर लबाड म्हणतात. त्याचंही काही नाही. पण परवा सून म्हणाली, बाबा, खरं काय ते एकदा सांगून टाका.” त्यांनी फडक्याची गाठ सोडली. “घरात कुणी असं विचारलं की माणूस आयुष्यातून उठतो हो.”

तिनं चीज ठेवून घेतलं. त्याच महिन्यात प्रथिनांची नवी चाचणी सुरू झाली होती. हिच्यात अंदाजाला जागा नव्हती. गाईचं दूध असेल तर काचेवरच्या जेलच्या पातळ थरात त्याचा निळा पट्टा वेगळा उमटायचा, नसेल तर नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं जेल उजेडावर धरलं. काकांच्या रांगेत गाईचा पट्टा नव्हता. पुसटसासुद्धा नव्हता. शेजारची रांग प्रमाण नमुन्याची होती. नियम होता म्हणून ती घातलेली. त्या रांगेत निळा पट्टा ठसठशीत उमटला होता.

नळ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून तिनं चाचणी पुन्हा केली. मग तिसऱ्यांदा केली. मग मात्र ती स्टुलावर बसून राहिली.

प्रमाण नमुना क्रमांक एक तिनंच आणला होता. प्रयोगशाळा नवी होती, साहेबांना खात्रीचं चीज हवं होतं, आणि तिला सगळ्या जगात एकाच माणसाची खात्री होती. घरी चीज करणाऱ्या तिच्या आईकडे शेळ्या होत्या, गाय नव्हती. मग प्रश्न येतोच कुठे? तेव्हापासून तो गोळा तुकड्या-तुकड्यांत उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये होता. यंत्रात तो दर वेळी जायचा, पण मोजपट्टी म्हणून. मोजपट्टीलाच कुणी मोजलं नव्हतं.

चौदा वर्षांत अकरा जणांना आम्लं जास्त म्हणून ‘जुळत नाही’ असं पत्र गेलं होतं. आणि ज्यांनी थोडं गाईचं दूध मिसळलं असेल, ते छान जुळून गेले असतील.

रविवारी ती आईकडे गेली. शेळ्या विकल्याला बरीच वर्षं झाली होती. आई टेबलापाशी मटार सोलत होती. ती समोर बसून सोलू लागली.

“आई, ऑफिससाठी मी दोन किलोचा गोळा नेला होता, आठवतं?”

“न आठवायला काय झालं? पहिल्यांदाच मागितलंस तू माझ्याकडे.”

“त्यात गाईचं दूध होतं?”

आईचे हात थांबले नाहीत. “होतं की. शेळ्या आटत आल्या होत्या, किलोभराचंही दूध निघेना. मग शेजारणीकडून घेतलं.”

“मला सांगायचं ना गं.”

“काय सांगणार? शाळेत डब्यात दिलं तर वास येतो म्हणून तसंच परत आणायचीस. आणि एवढी मोठी झाल्यावर आपणहून मागायला आलीस. तुला नाही कसं म्हणणार?” आईनं एक शेंग उघडून आतला किडका दाणा बाजूला टाकला. “शिवाय गाईचं घातलं की वास मवाळ होतो. म्हटलं, ऑफिसातली माणसं खाणार, त्यांनी नाकं मुरडायला नकोत.”

प्रयोगशाळेत त्याचं काय करणार, हे तिनं तेव्हा आईला सांगितलंच नव्हतं.

“आवडलं होतं का गं त्यांना?” आईनं विचारलं.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आईला दिसू नये म्हणून ती सालपटं गोळा करत राहिली.

“अजून जपून ठेवलंय त्यांनी,” ती म्हणाली.

“इश्श, अजून? वेडीच आहेत तुझी माणसं,” आई म्हणाली, पण खुलली होती.

सोमवारी तिनं साहेबांना सगळं सांगितलं. साहेब बराच वेळ चष्मा पुसत होते. ‘नमुना जुना झाला म्हणून बदलला’ एवढंच लिहू, तुमच्या आईला कशाला मधे आणायचं, असं त्यांनी सुचवलं. ते चांगल्या मनानंच बोलत होते. तिनं आईला मधे आणलं नाही. पण अकरा पत्रं लिहिली आणि प्रत्येकात लिहिलं, की चूक तुमच्या चीजमध्ये नव्हती, मी आणलेल्या प्रमाणात होती. खाली पूर्ण सही केली. मग काकांना फोन लावला.

“तुमचं चीज शंभर टक्के शेळीचं आहे. शिक्का मिळेल. पत्रही येतंय, ते सूनबाईंना वाचायला द्या.”

पलीकडे काकांनी घसा साफ केला.

“आणखी एक काम होतं,” ती म्हणाली. “आम्हाला नवा प्रमाण नमुना लागेल. तुमच्याकडचा दोन किलोचा गोळा मिळेल?”

“दोन किलो?” काका म्हणाले. “आत्ता नाही जमायचं, मॅडम. शेळ्या आटल्यात. पुन्हा विणार, दूध सुरू होणार, मग बघू. तीन-चार महिने तरी धरा.”

तिनं खुर्ची ओढून घेतली आणि बसली.

“थांबते,” ती म्हणाली. “तुम्ही सावकाश करा.”