जिझोचा चेहरा

जपानच्या रेइवा शकाच्या सातव्या वर्षी, ऑगस्ट महिन्याच्या तेविसाव्या दिवशी, शनिवारी सकाळी नऊ वाजता, क्योतो नगरातील निशिजिन भागात, विणकरांच्या एका बोळाच्या तोंडाशी शिराकी तोमिएबाई गुडघे टेकून बसल्या आणि ज्या कामाला बंदी झाली होती ते त्यांनी भर उजेडात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत सुरू केले.

काम जुनेच होते. मुलांचा रक्षक जो जिझो, त्याचा दगड त्याच्या सणाआधी धुवायचा, त्याला पांढरा चेहरा द्यायचा, वर काळ्या भुवया आणि लाल ओठ काढायचे. गेली चव्वेचाळीस वर्षे हे तोमिएबाईंकडे होते. त्यांचे एकुलते बाळ नाव ठेवण्याआधीच गेले. सणाला गल्लीतल्या प्रत्येक मुलाच्या नावाचा कंदील टांगतात. त्यांना टांगायला नाव नव्हते. त्या वर्षी बायकांनी कुंचला त्यांच्या हाती दिला. तेव्हापासून तो त्यांच्याकडेच राहिला.

बंदी घातली होती ती गल्लीच्या मंडळाचे नवे अध्यक्ष मोरिशिमा यांनी. मनुष्य सज्जन, नगरपालिकेतून निवृत्त झालेला. विद्यापीठातल्या एका अभ्यासकाने दगड पाचशे वर्षांचा असल्याचे सांगितल्यापासून ते त्याच्या प्रेमात पडले होते. आदल्या संध्याकाळी त्यांनी स्वतः मऊ कुंचल्याने गेल्या वर्षीचा रंग उतरवला होता.

"शिराकीबाई, ब्रश खाली ठेवा," मोरिशिमा पाठीमागे येऊन म्हणाले.

"आधी हात जोडा, अध्यक्षसाहेब. देवापुढे उभे आहात. ब्रशचं मग बघू."

मोरिशिमांनी घाईघाईने हात जोडले आणि काखेतली पाटी पुढे धरली. ही सूचनांची पाटी घरोघर फिरते. वाचो न वाचो, जो तो तिच्यावर आपल्या नावाचा शिक्का उमटवून ती शेजारच्या दाराला अडकवतो. 'या वर्षापासून जिझोला रंग लावू नये,' असे कागदावर होते, आणि खाली अकरा घरांचे अकरा शिक्के.

"तिसरा कोणाचा आहे?"

तोमिएबाईंनी पाहिले. शिक्का त्यांचाच होता. गॅसवर शेवया उकळत असताना पाटी आली होती. मान खाली घालून घरी जावे, असे क्षणभर त्यांच्या मनात आले. पण पुढ्यातला दगड पाहून त्या उठल्या नाहीत.

"माझाच. पाटी घरी पोचली, एवढंच तो सांगतो. मला पटलं असं कुठं लिहिलंय? तुम्ही तरी अख्ख्या आयुष्यात एक पाटी वाचलीत का?"

"मी प्रत्येक वाचतो!"

"मग गल्लीत तुम्ही एकटेच," समोरच्या दारातून फुसाए म्हणाली. तिथेच तिचे तोफूचे दुकान होते. "आणि काल तुम्ही याला धुतलंत ना, तर आमची नात बघून किंचाळली. म्हणे, बिनतोंडाचं भूत!"

ते खोटे नव्हते. रंगाखाली नाक नव्हते, डोळे नव्हते. नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत दगड तेवढा उरला होता.

"तेच तर म्हणतोय मी!" मोरिशिमांचा आवाज चढला. "दर वर्षी घासून घासून तुम्ही बायकांनीच त्याचं तोंड पुसलंत. अजून शंभर वर्षांनी काय राहील?"

हा वार वर्मी लागला, कारण त्यात तथ्य होते. तोमिएबाईंनी कुंचला बशीच्या कडेवर टेकवला, पण हातातून सोडला नाही.

"पुसलं. आम्हीच पुसलं," त्या म्हणाल्या. "ज्याला कोणी हात लावत नाही, त्या दगडाला नाक राहतं, अध्यक्षसाहेब. असले दगड संग्रहालयात पुष्कळ आहेत, जाऊन बघा. याला दर वर्षी कोणीतरी आंघोळ घातली, म्हणून याचं नाक गेलं. एवढ्या जणींनी घासून घासून ठेवलेला हा चेहरा मी उघडा सोडणार नाही. मंडळातून माझं नाव काढायचं तर काढा. पाटी फिरवा, शिक्का मारून देते. या खेपेला वाचून मारीन."

आणि पांढऱ्या रंगावर त्यांनी दोन्ही भुवया काढल्या.

इतक्यात काळ्या झग्याचे पदर उडवीत स्कूटर आली. सणाच्या दिवसांत देवळातल्या तरुण भिक्षूला श्वास घ्यायलाही सवड नसते. त्याने हेल्मेट काढले तेव्हा दोन्ही पक्ष एकदमच बोलू लागले. त्याने दोघांचे ऐकून घेतले, पाटी वाचली, शिक्के पाहिले, आणि शेवटी दगडासमोर उकिडवा बसला.

"गुरुजी, तुम्हीच सांगा," मोरिशिमा म्हणाले. "ठराव झालाय. मग रंग राहणार, की जाणार?"

भिक्षूने दगडाकडे पाहिले, मग बाईंच्या हाताकडे. कुंचला अजून दगडापाशीच होता.

"राहणार," तो म्हणाला. "मुलांच्या रक्षकाला बघून मुलांनीच किंचाळू नये. आजी, ओठ राहिलेत. पूर्ण करा."