काचेच्या भांड्यातले जेवण

मित्रांनो, पनवेलच्या मुबीनाचा जाड काचेच्या भांड्याचा एक मिक्सर आहे. तो मी. आता माझे वय झाले आहे. बटण दाबले की आधी नुसता घरघरतो, मग फिरायला लागतो.

तेव्हा कुवेतला नोकरी करणाऱ्या अब्दुल्लाने मला तिथल्या दुकानातून घेतले आणि टॉवेलांत गुंडाळून बायकोसाठी, मुबीनासाठी, पनवेलला आणले. रमजानमध्ये संध्याकाळी माझ्यात दूध आणि आंबा फिरे. शेजारी ग्लास जात आणि मुबीनाबरोबर माझेही कौतुक होई. पुढे स्टीलच्या भांड्यांचा, मसाला वाटणारा नवा मिक्सर आला. मी खोक्यात गेलो आणि खोके माळ्यावर. तिथे किती वर्षे गेली, मी मोजली नाहीत.

समोरच्या घरात रमा आणि तिचा नवरा उदयसिंह राहतात. मागच्या वर्षी रमाला जिभेचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, मग रेडिएशन सुरू झाले आणि तिचे तोंड आतून सोलल्यासारखे झाले. एका दुपारी उदयसिंह मुबीनाच्या दारात येऊन उभा राहिला.

"भाभी, रमा काहीच खात नाही. आज इस्पितळातल्या आहारतज्ज्ञ बाई स्पष्ट बोलल्या. वजन असंच उतरत राहिलं तर उपचार मधेच थांबवावे लागतील. नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल."

"डाळ, खिचडी वाटून देता ना?"

"देतो. पण आमच्या मिक्सरच्या भांड्यात इतकी वर्षं लाल तिखट वाटलंय. कितीही घासलं तरी पहिल्या घोटालाच तिच्या डोळ्यांत पाणी येतं. मला वाईट वाटू नये म्हणून म्हणते, जेवले मी. वाटी तशीच असते."

"काचेला तिखट धरत नाही," मुबीना म्हणाली, आणि तिने अब्दुल्लाला माळ्यावर चढायला सांगितले.

माझे सुकलेले रबर बदलले, भांडे गरम पाण्याने धुतले, आणि मी समोरच्या ओट्यावर कामाला लागलो. मऊ खिचडीत तूप आणि पनीर, पुरते शिजवलेले अंडे, नाचणीची खीर. सगळे कोमट आणि बिनतिखट. उदयसिंह सुरुवातीला पाणी घालून फार पातळ करायचा. आहारतज्ज्ञ बाईंनी समजावले, "नुसत्या पाण्याने पोट भरेल, ताकद येणार नाही. पाण्याऐवजी दूध घाला. एकदम वाटीभर नको, थोडं थोडं पण पुन्हा पुन्हा द्या." तो तसेच करू लागला. रमा घोट घोट घेऊ लागली. वजन उतरायचे थांबले.

पण उपचारांच्या शेवटच्या दिवसांत तिला थुंकीही गिळता येईना. नळी घालावीच लागली. घरी आल्यावर रमाने भिंतीकडे तोंड केले. मुबीना भेटायला आली, तरी ती वळली नाही.

"मला असं बघू नकोस, मुबीना. माझं जेवण संपलं आता."

मुबीना तिच्या पायांशी बसली. "कसं संपलं, रमाताई? रस्ता बदललाय, जेवण तेच आहे. उदयभाऊ आत अंडंच शिजवतायत."

थोड्या वेळाने रमा वळली. उदयसिंहाने आणलेले जेवण तिने नळीतून देऊ दिले. माझ्यात वाटलेले तो बारीक गाळणीतून गाळायचा आणि नर्सने शिकवले होते तसे सावकाश द्यायचा. रमाचे उपचार मधे न थांबता पुरे झाले.

तोंडातले फोड बरे झाल्यावर नळी निघाली. एके दुपारी मुबीनाने गुरगुट्या भात आणि पापलेटाचे बिनतिखट सार आणले. मला कोणी हात लावला नाही. रमाने स्वतःच्या हाताने, हळूहळू चावत ती वाटी संपवली.

"अजून थोडा वाढ," ती म्हणाली.

उदयसिंह स्वयंपाकघरात आला आणि कितीतरी वेळ नळ सोडून नुसता उभा राहिला.

मित्रांनो, मला बिघडलेला समजून भंगारात दिले नाही, याबद्दल मी मुबीनाचा आभारी आहे. आणि माझ्यातला घोट पुन्हा पुन्हा घेऊन पाहणाऱ्या रमाचाही. तुमच्या शेजारी कोणावर असे उपचार चालू असतील, तर "खात का नाही?" असे विचारून त्यांना दमवू नका. काय उतरेल ते विचारा, इस्पितळात काय सांगितले ते ऐका आणि तेवढे करून न्या.

परवा उलव्याहून एक बाई मला न्यायला आल्या. त्यांच्या वडिलांचे रेडिएशन सुरू झाले आहे. रमाने मला स्वतः धुऊन, पुसून त्यांच्या पिशवीत ठेवले.

"आणि नळी घालायची वेळ आलीच," ती त्यांना म्हणाली, "तर घाबरू नका म्हणावं. मीही घाबरले होते."