पडद्याला लावलेलं जवसाचं तेल

चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्यातली गोष्ट. नागपूरच्या आमच्या कॉलेजात जया नावाची मुलगी एका नव्या बॅटरीवर संशोधन करत होती. दोन टाक्यांत दोन रंगांचं पाणी आणि मध्ये एक पातळ पडदा, अशी ती बॅटरी. पडदा टिकला तरच वीज साठायची. मी तिथे शिपाई होतो. पडदे धुणं, सुकवणं माझ्याकडे होतं.

सुकलेला तुकडा जया यंत्रात ठेवायची. यंत्र त्यातून न दिसणारा उजेड सोडायचं आणि एक पेन कागदावर रेघ ओढायचं. पडद्यात जे असेल त्याचे रेघेत खड्डे पडत. त्या आठवड्यात दोन खड्डे नवेच आले.

जयाचे मार्गदर्शक मनोहरराव सरांनी कागद पाहिला. "पडदा सडून राहिला, जया. शनिवारीही असंच आलं तर विषय बदलावा लागेल."

तीन वर्षांचं काम होतं तिचं. दुपारी ती जेवायलाही उठली नाही.

"काय झालं, बाई?" मी विचारलं.

"पडद्यात काहीतरी तेलकट तयार होऊन राहिलं, काका. कुठून येते, समजत नाही."

तेलकट म्हणताच माझ्या लक्षात आलं. त्या उन्हाळ्यात पडदा सुकला की कडा वळायच्या, चिरा पडतील असं वाटायचं. कन्हानकडे आमच्या गावी विहिरीवर पाणी उपसायची चामड्याची मोट होती. ती तडकू नये म्हणून आम्ही तिला जवसाचं तेल चोळायचो. पडद्यालाही मी तेच केलं होतं, एका बोटानं, दोन्ही अंगांनी.

नोकरी जाईल असं वाटलं, तरी सांगून टाकलं.

जया बघतच राहिली. "मोटेचं तेल? माझ्या पडद्याले?"

"थोडंसंच लावलं, बाई."

"आणा ते तेल."

तिनं एक थेंब यंत्राच्या काचेवर ठेवला. पेननं तेच दोन खड्डे त्याच जागी काढले. जया इतकी हसली की सर शेजारच्या खोलीतून आले. त्यांनी दोन्ही कागद जोडून पाहिले.

"काहून गा धोंडबा, पडदा हाय का मोट हाय?"

"दोघांचंही काम पाण्याचंच, सर."

"घ्या. हा आता मलेच शिकवते."

जयानं पडदा स्पिरिटनं तीनदा धुतला. शनिवारी आम्ही तिघं पेनकडे बघत उभे राहिलो. पहिली जागा आली, रेघ सरळ गेली. दुसरी आली, तिथंही सरळ.

सरांनी कागदावर सही केली. "विषय हाच राहील," ते जयाला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आणि पडदा वाळला तर वाळू दे गा. तुझी माया मोटेसाठी ठेव."