ओकबुन आजीची बाबागाडी

मी बाबागाडी बोलतेय. मोकपो बंदरावरच्या एका चढाच्या गल्लीत, ओकबुन आजीच्या दारापुढं उभी असते.

मला आणलं आजीच्या नातीसाठी, सोलसाठी. ती दोन वर्षांची व्हायच्या आतच तापानं गेली. तिच्या बापानं, ग्यूहोनं, मला कचऱ्यापाशी नेऊन ठेवलं. आजीनं परत आणलं. म्हणाली, "कंबर गेलीय माझी. ढकलायला होईल."

आमच्याकडं कितीतरी म्हाताऱ्या बाबागाडी ढकलतच बाजाराला जातात. मणक्यातली नसांची नळी आवळली की सरळ उभं राहताच पाय बधिर होतात. पुढं वाकलं की जरा सुटका. आजी माझ्या दांड्यावर वाकायची, तेव्हा तिचं तोंड थेट बैठकीवर यायचं. ती तिथं कुणाशीतरी हळूच बोलायची. टोफू, कांद्याची पात खालच्या टोपलीत. बैठकीत कधीच काही ठेवलं नाही.

मग कोपऱ्यापर्यंतही चालवेना. ग्यूहो म्हणाला, "आई, दुर्बिणीचं ऑपरेशन करू. नाहीतर अंथरुणाला खिळशील."

शेजारच्या दोघी आपापले अनुभव घेऊन आल्या.

"माझं एकाच भोकातून झालं," जोमरे म्हणाली. "दुर्बीण न् हत्यार एकाच नळीत. बघ, डाग तरी दिसतोय का?"

"माझी दोन भोकं," मालसुन म्हणाली. "एकातून बघायचं, दुसऱ्यातून कोरायचं. डॉक्टरचा हात मोकळा राहतो."

"मग चढावर माझ्याआधी का दमतेस गं?"

"तुझ्यापेक्षा जास्त जेवते म्हणून!"

आजी हसली नाही. "मी सरळ झाले, तर खाली कोण बघणार?"

दोघींनी माझ्या रिकाम्या बैठकीकडं पाहिलं.

दवाखान्यात मीही गेले. डॉक्टर म्हणाले, "आजी, गुण दोन्हींनी जवळपास सारखाच येतो. पण तुमची नळी दोन्ही बाजूंनी आवळलीय आणि माझा हात दोन भोकांवर बसलाय."

ऑपरेशन होऊन आजी घरी आली ती सरळ चालत. माझ्यापुढं थांबली. तिचा चेहरा फार उंच गेला होता. तिनं दांडा धरला आणि वाकू लागली.

"आई, वाकू नकोस! टाके आहेत!" ग्यूहो धावला. मग तोच माझ्यापुढं उकिडवा बसला. इतक्या दिवसांत त्यानं बैठकीकडं पाहिलंच नव्हतं.

"आहे का रे ती?" आजीनं वरून विचारलं.

बैठकीवर ऊन आलं होतं. त्यानं माझं छत पुढं ओढलं.

आजी, तू आता बिनघोर चाल. हिला सांभाळायला मी आहे.