दातवाल्या हेरांचा दुसरा भाग

सांगलीच्या धरणेंद्र मगदूम यांनी वयाच्या बाहत्तराव्या वर्षी एका जुन्या अमेरिकन मालिकेला मराठीत बोलायला लावलं. मालिका साठ वर्षांपूर्वीची, काळीपांढरी. दोन सरकारी हेर, एक उंच डॉक्टर आणि एक बुटका मदतनीस, दात उपटणारे म्हणून घोडागाडीतून गावोगाव फिरतात. खुर्चीखाली बंदुका, औषधाच्या बाटल्यांत गुप्त चिठ्ठ्या. माळरान, घोडे, टोप्या, गोळीबार सगळं होतंच, पण खरी गंमत त्यांच्या सोंगात होती.

धरणेंद्रांनी ती पहिल्यांदा पाहिली कुवेतमध्ये, एक्क्याऐंशी साली. ते कंपनीच्या कॅम्पात टाइमकीपर होते. दर गुरुवारी रात्री आठला जेवणाच्या हॉलमध्ये टीव्ही लागायचा. खाली अरबी अक्षरं, वर इंग्रजी बोलणं, आणि समोर बसलेल्या साठ-सत्तर माणसांना दोन्ही कळत नसे. मग धरणेंद्र उभे राहून मोठ्यानं सांगायचे. डॉक्टरसाठी जाड आवाज, बुटक्यासाठी नाकातला. मालिकेचं इंग्रजी नाव कुणाच्या तोंडी बसेना, म्हणून त्यांनीच ‘दातवाले’ असं बारसं केलं. सगळ्यांत पुढं बसून सगळ्यांत मोठ्यानं हसायचा तो त्यांच्याच खोलीतला आकाराम यादव, खंडाळ्याकडचा ड्रायव्हर.

दोघं परत आले, आपापल्या संसाराला लागले. पहिली दोन-चार वर्षं पत्रं आली-गेली, पुढं तीही बंद झाली.

दोन वर्षांपूर्वी सुनेनं, प्रीतीनं, त्यांना ती मालिका मोबाइलवर शोधून दिली. कुठल्या कुठल्या देशांतली म्हातारी माणसं तिचा ग्रुप चालवत होती. घोडागाडीची लाकडी नक्कल करणारे होते, कुठल्या भागात किती गोळ्या सुटल्या ते मोजणारे होते. धरणेंद्रांना ते घरचे लोक वाटले. एके दिवशी त्यांनी मोबाइल समोर धरून पहिला भाग मराठीत बोलून काढला आणि नेटवर टाकला. मग दर आठवड्याला एक. ऐकणारे शंभरही नव्हते. पण पंधराव्या भागाखाली एका मुलीनं लिहिलं, “मी अंकिता यादव. माझे आजोबा म्हणतात हा आवाज धरण्याचा आहे. खरं का?”

त्याच दिवशी फोन झाला.

“धरण्या, लेका, आवाज हाय तसाच हाय की रं!”

“आकाराम? अरे, कुठं होतास इतकी वर्षं?”

“हितंच. साखरेनं डोळं नेलं बग. आता काय दिसत न्हाई. पर तू बोलाय लागलास की बुटक्या डोळ्यांम्होरं हुबा ऱ्हातो.”

तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी आकारामचा फोन ठरलेला. धरणेंद्र जैन रिवाजाप्रमाणे सूर्य मावळायच्या आत जेवून घ्यायचे आणि गॅलरीत फोनची वाट बघत बसायचे. राजमती म्हणायच्या, “लग्नात माझ्यासाठी एवढे ताटकळला नव्हता.”

एका गुरुवारी आकाराम म्हणाला, “त्यो घोड्याचा भाग कवा करतूस? घोड्याला खुर्चीत बसवायला बगत्यात त्यो. पयल्या भागात दोगं खाणीत अडाकत्यात, आन दुसऱ्यात घोडा.”

“करू की. सवडीनं.”

“आवाजात दम हाय तवर कर. तसा मी जल्मात हासलो न्हाई.”

धरणेंद्रांनी त्या जोडभागाचा पहिला भाग केला. दुसऱ्याला मात्र हात लावेनात. घसा बसलाय, फोन बिघडलाय, अशी कारणं सांगत त्यांनी दोन महिने काढले. शेवटी अंकिताचा फोन आला. आजोबांच्या पायाची जखम चिघळली होती. मिरजेच्या दवाखान्यात दाखल केलं होतं, पाय घोट्यापासून काढावा लागणार होता. “आजोबा, तुम्ही येऊन गेलात तर त्यांना बरं वाटेल.”

धरणेंद्र दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. आकाराम खिडकीजवळच्या खाटेवर होता. वाळून गेला होता, पण हात धरला तो ड्रायव्हरच्याच जोरानं.

“पाय जाऊ दे. पर घोड्याचा भाग हितंच बोलून दाव. अंकिता मोबाइल लावंल.”

अंकितानं मोबाइल पुढंही केला. धरणेंद्रांनी तो बाजूला सारला.

“आकाराम, तो भाग माझ्यानं होत नाही. तुझ्या घरची तार आठवते?”

“आय आजारी व्हती, ती? इसरंन व्हय? शुक्रवारी सकाळी तूच आणून दिलीस.”

“ती गुरुवारीच आली होती.”

आकारामचा हात सैल झाला.

“किती वाजता?”

“संध्याकाळी पाचला. ऑफिसात मी एकटाच होतो.”

“आन इमान?”

“रात्री साडेदहाचं. साहेबाकडनं पासपोर्ट काढून, गाडी सांगून, जमलं असतं. पण ती धावपळ मलाच करावी लागली असती, आणि आठला दुसरा भाग होता. मला तो चुकवायचा नव्हता. म्हटलं, एका रात्रीनं काय होतंय. शुक्रवारी सुटी, सगळं बंद. पुढचं विमान रविवारचं, हे मला सकाळी कळलं.”

शेजारच्या पेशंटचा डबा आला, उघडला गेला, भाजीचा वास सुटला. अंकिता मोबाइल हातात तसाच धरून उभी होती.

“आय शनवारी रातीपतूर व्हती,” आकाराम म्हणाला. “दारात कोन आलं की इचारायची, आकाराम आला का. थोरल्या भनीनं सांगितलं मला. मी मातीलाबी पोचलो न्हाई.”

“मला माफ कर.”

“त्या राती मी किती हासलो, धरण्या. पोट धरून हासलो. चव्वेचाळीस वरसं ती रात जपून ठिवलीया मी.” त्यानं तोंड भिंतीकडं केलं. “ह्ये सांगितलं नसतंस तर चाललं असतं.”

धरणेंद्र खाटेच्या कडेला बसून राहिले. थोड्या वेळानं आकाराम नातीला म्हणाला, “अंकिता, ह्यांना रिक्षापतूर सोडून ये.”

जन्मभर ‘अरे तुरे’ करणाऱ्या माणसाच्या तोंडचा तो ‘ह्यांना’ ऐकून धरणेंद्र उठले.

ऑपरेशन झाल्यावर ते पुन्हा गेले. अंकितानं त्यांना वॉर्डाच्या दारातच गाठलं. “ते नको म्हणताहेत, आजोबा. रागवू नका.” तिनं मोसंब्यांची पिशवी मात्र घेतली. आठवड्यानं आकारामला घरी नेलं, हे त्यांना तिसऱ्याकडून कळलं.

धरणेंद्रांनी पुढचे भाग केले नाहीत. ग्रुपवरच्या लोकांनी विचारलं, एकानं तब्येतीची चौकशी केली. त्यांनी तब्येत बरी आहे एवढंच लिहिलं आणि हळूहळू ग्रुप बघणंही सोडलं. राजमतींनी एकदा विचारलं, “गुरुवारचा फोन येत नाही आता?” ते म्हणाले, “त्याला ऐकू कमी येतं.” राजमतींना तेवढं खोटं पुरलं.

दिवाळीच्या पाडव्याला त्यांनी धीर करून फोन लावला. अंकितानं उचलला, मग बराच वेळ नुसती खुसफूस. शेवटी आकारामचा आवाज आला.

“बोला.”

“पाय कसा आहे?”

“भरत आलाय. खोटा पाय बसवत्यात म्हनं.”

“साखर?”

“हाय. कमी-जास्त.”

“आकाराम, मी त्या भागाचं...”

“त्या दातवाल्यांचं नाव काडू नगा.” आवाजात राग नव्हता. “दुसरं काय आसंल तर बोला.”

पाऊस किती झाला ते धरणेंद्रांनी विचारलं. आकारामनं सांगितलं. अंकिताला पुण्याला नोकरी लागल्याचंही सांगितलं, आणि मग “ठिवतो” म्हणून फोन ठेवला.

उन्हं कलली होती. आतून राजमतींनी हाक मारली, पानं वाढली आहेत, दिवस बुडायच्या आत चला. धरणेंद्र म्हणाले, “तू घे. मला आज भूक नाही.”