सम्राटची मिरवणूक

चौदा वर्षांची शिक्षा भोगून सम्राट गावात आला तो उघड्या जीपमधून, गळ्यात हार आणि कपाळभर गुलाल घेऊन. नेसरीच्या फाट्यापासून डीजे वाजत होता. बांधाच्या भांडणात त्यानं आक्कांच्या बाळासोला, त्यांच्या एकुलत्या एक पोराला, कुऱ्हाडीनं मारलं होतं.

तेव्हा सगळं गाव फाशी मागत होतं. एकट्या आक्कांनी कोर्टात सांगितलं होतं, "फाशी नको. त्याच्या आईवर माझ्यासारखी पाळी नको." त्यापायी भावकीनं वर्षभर त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. आता सम्राटचा भाऊ सरपंच झाला होता आणि तीच भावकी जीपपुढं नाचत होती.

आक्कांच्या अंगाची लाही लाही झाली. दुधाची किटली खाली ठेवून त्या रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. जीप थांबली.

"बाजूला व्हा वैनी. झालं गेलं इसरा की," त्यांचा चुलत दीर म्हणाला.

"इसरू? तवा फास मागत हुतासा, आज हार घालतासा? माणूस मारलाय त्यानं, कुस्ती न्हाय मारली!" आक्का कडाडल्या. मग सम्राटकडं वळल्या. "तुला जगू द्या म्हटलं मी. मिरवा म्हटलं न्हाय."

कुणीतरी डीजे बंद केला. सम्राटनं मान वर केली नाही. हार काढून त्यानं सीटवर टाकला, खाली उतरला आणि एकटाच घराकडं चालू लागला.

"असंच यायचं हुतं," आक्का म्हणाल्या. पण राग काही उतरला नाही. भावकीतल्या एकेकाचं नाव घेत त्या दिवस मावळेपर्यंत रस्त्यातच बोलत राहिल्या.