सोळा इंच

"एकदा कापली की परत जोडता येत नाही बरं का," असं हेग नावाचा तो दुकानदार तिसऱ्यांदा म्हणाला आणि सुप्रभाबाईंनी हातातली पिशवी तिसऱ्यांदा आवळून धरली.

काउंटरवर त्यांच्या नवऱ्याची, मोरेश्वररावांची, सशांवर चालवायची जुनी टू-टू बंदूक आडवी पडली होती. बावीस इंचांची नळी आणि तिच्या टोकाला आवाज गिळणारा जाड, काळा मॉडरेटर. एकूण प्रकरण दाराला अडसर म्हणून लावावं एवढं लांब. मोरेश्वररावांना नळी कापून घ्यायची होती. सोळा इंच ठेवायची की चौदा, एवढाच प्रश्न होता, पण गृहस्थ आठवडाभर जेवताना, झोपताना, अंघोळीला जातानाही त्याच एका विषयावर बोलत होते. दुसऱ्यांदा लग्न ठरवत असते तरी एवढा विचार केला नसता.

हेगच्या मते विचार करण्यासारखं त्यात काही नव्हतं. आवाज होऊ नये म्हणून मोरेश्वरराव संथ गोळी वापरत. अशा गोळीला हातभर नळीत सगळा जोर मिळतो. त्यापुढची नळी म्हणजे नुसतं ओझं. आखूड झाली तर तोल सुधारेल. फार आखूड केली तर मात्र हातात ठरणार नाही.

"बघ घेऊन," म्हणत त्याने दुकानातल्या दोन बंदुका पुढे ठेवल्या.

मोरेश्वररावांनी चौदा इंचांची उचलून खांद्याला लावली. क्षणभर ती स्थिर राहिली आणि मग तिचं टोक पिठलं ढवळावं तसं गोल फिरायला लागलं. हेगला अचानक खणात काहीतरी शोधायचं आठवलं. सुप्रभाबाईंनी मान खाली घातली. नवऱ्याची फजिती बघणारं तिसरं माणूस तिथे नको होतं, आणि त्या तर बायको होत्या.

"सुप्रभा, जरा धर गं. दे ती पिशवी इकडे."

हात लपवायलाच बंदूक आपल्याकडे दिली, असं त्या समजल्या. त्यांनी ती धरली. पुष्कळ वर्षांनी धरली. जमीन घेतली तेव्हा मोरेश्वररावांनीच त्यांना शेतातल्या सलगमांवर नेम धरायला शिकवलं होतं. बाईंचा नेम नवऱ्यापेक्षा सरस निघाला. मग पहिला ससा पडला आणि त्याचे उघडे डोळे पाहून बाईंनी कानाला खडा लावला.

"नळी पुढे ओढतेय का?"

"मला काय विचारताय?"

"अगं सांग ना."

"ही नुसती उडते, हातात काही आहे असं वाटतच नाही." मग दुसरी उचलून त्या म्हणाल्या, "ही बरी आहे. तळव्यावर बसते."

"सिक्स्टीन," मोरेश्वरराव हेगला म्हणाले. आठवडाभराचं गुऱ्हाळ एका शब्दात संपलं.

घरी येताना व्हॅनमध्ये सुप्रभाबाईंच्या डोक्यात एकच घोळत होतं. बंदूक हलकी होणार, म्हणजे हे ती आणखी वर्षानुवर्षं चालवणार. आणि आपणच त्यांना लांबी सांगितली.

मोरेश्वरराव कामाला होते ती गिरणी बंद पडल्यावर मिळालेल्या पैशांत या जोडप्याने इंग्लंडात लीड्सबाहेर एक घर आणि मागची जमीन घेतली होती. मोठाल्या प्लॅस्टिकच्या बोगद्यांमध्ये ते मेथी-कोथिंबीर पिकवून शहरातल्या दुकानांना घालत. कोवळी मेथी दोघांच्या जिवाची, देशी बायकांच्या आणि यॉर्कशरच्या सशांच्या. बंदूक नसेल तर पंधरवड्यात रान साफ. रान गेलं की घर विकून क्रॉयडनला लेकीच्या, ऋजुताच्या फ्लॅटमध्ये, खिडकीतून ट्रॅम मोजत बसायचं. हे मोरेश्वररावांना मरणाहून वाईट वाटे, आणि खरं सांगायचं तर बाईंनाही.

पण मागच्या महिन्यात त्या बोगद्यात मेथी कापायला बसल्या, तर समोरच्या प्लॅस्टिकला वाटाण्याएवढं भोक. बसलेल्या माणसाच्या बरोबर डोक्याच्या उंचीला. आदल्या दुपारी हे सशांमागे गेले तेव्हा आपण इथे होतो की घरात होतो, हे त्यांना काही केल्या आठवेना. साधी बंदूक असती तर आवाजाने तरी कळलं असतं. या मुक्या बंदुकीचं काय कळणार? दुसऱ्या दिवशी भोकावर चिकटपट्टी होती. लावणारा बोलला नाही, बघणारीही बोलली नाही. तेव्हापासून मेथी कापताना बाई मोठमोठ्याने स्तोत्रं म्हणत. मोरेश्वररावांना वाटावं की बायको म्हातारपणी देवभोळी झाली.

गुरुवारी पोलिसांकडचा अधिकारी येणार होता. दर पाच वर्षांनी परवाना नवा करताना तो घरी येई, बंदुकीचं कपाट बघे, आणि बायकोला बाजूला घेऊन विचारी, "काही काळजीचं?" बाई दर वेळी "नो, नो" म्हणून चिवडा पुढे करत.

"आई, तू त्याला सांग," ऋजुता फोनवर म्हणाली. "बाबा अँग्री होईल, होऊ दे. तुझी जीव इम्पॉर्टंट आहे."

एरवी आईने तिचं मराठी दुरुस्त केलं असतं. आज तिने फोन ठेवून दिला. ज्या माणसाने परक्या देशात जन्मभर मान ताठ ठेवली, त्याचा हात थरथरतो हे परक्या माणसाला आपण सांगायचं?

गुरुवारी अधिकारी आला, चहा घेतला आणि मोरेश्वरराव आत गेलेले पाहून हळूच म्हणाला, "एनी वरीज, लव?"

चिवड्याची बशी सुप्रभाबाईंनी धरून ठेवली होती, पण या वेळी ती पुढे झाली नाही. "माय हजबंड..." एवढंच कसंबसं बाहेर पडलं.

"हिज हँड शेक्स," दारातून मोरेश्वरराव म्हणाले. आपण परवाना नवा करत नाही, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलंय. आता बायकोने परवाना मागितला तर काय करावं लागेल, ते तिला समजावून सांगा. बंदूक दुकानातच आहे. तिच्या हाताला बसेल अशी कापून घेतली आहे.

अधिकारी गेल्यावर बाईंना कंठ फुटला.

"मला न विचारता?"

"विचारलं की दुकानात. पुढे ओढतेय का म्हणून."

"मी तुमच्यासाठी म्हणून सांगितलं!"

"तुझ्यासाठी म्हटलं असतं तर तू हात लावला असतास?" ते खुर्चीत बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. "सुप्रभा, त्या दुपारी तू बोगद्यात होतीस. मला ससा दिसला, तू दिसली नाहीस."

बाईंनी हातातली बशी टेबलावर ठेवली. मग त्या नवऱ्याशेजारी बसल्या आणि खूप रडल्या. वाचल्याच्या आनंदाने, की हा माणूस महिनाभर एकट्याने हे पोटात घेऊन हिंडला म्हणून, ते त्यांनाही कळलं नाही. शेवटी पदराने नाक पुसून त्या म्हणाल्या, "अर्ज करते. पण सशांचं माझ्या मनाला येईल तेव्हा."

"रान तुझं, ससे तुझे," मोरेश्वरराव म्हणाले.

थंडी पडायच्या सुमाराला परवाना आला. बाईंच्या नावाचा, बाईंच्या फोटोचा. सोळा इंचांची बंदूक घरी आली आणि भिंतीतल्या लोखंडी कपाटात गेली. नियम जुनाच होता: किल्ली कुठे असते ते परवानेवाल्याशिवाय घरात कुणालाही कळता कामा नये. जोडीदारालाही नाही.

बाई मुठीत किल्ली घेऊन उभ्या राहिल्या.

"शेडमधल्या खिळ्यांच्या डब्यात ठेवू नकोस," मोरेश्वरराव म्हणाले. "ती जागा मला माहीत आहे."

"मलाही होती. पहिल्या आठवड्यापासून. तेवढ्या एकाच डब्यावर धूळ नसायची."

मोरेश्वरराव हसले. मग उठून खिडकीशी गेले, बायकोकडे पाठ केली आणि लहान मुलं लपंडावात राज्य घेताना करतात तसे दोन्ही हातांनी डोळे झाकले. हात थरथरत होते, पण बोटांमध्ये त्यांनी फट पडू दिली नाही.

"ठेवलीस?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"थांबा, अजून नाही," सुप्रभाबाई म्हणाल्या. त्या जागच्या हललेल्या नव्हत्या.